मावळतीआधीचं पाणी

हुपरीच्या जैन मंदिरात त्या सकाळी धूप जरा जास्तच पेटला. धूर डाव्या डोळ्यात गेला म्हणून त्रिशला मगदूमने तो डोळा मिटला, पदराने चोळला आणि उजव्या डोळ्याने समोर पाहिलं. मूर्तीचा चेहरा दिसत होता, खांदे दिसत होते, छातीही दिसत होती. त्याखाली मात्र राखाडी काहीतरी पसरलं होतं. भिंतीला खालून ओल चढावी तसं.

तीर्थंकरांच्या मूर्ती चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. सगळे सारखेच शांत. कोण कोणते, हे खाली आसनावर कोरलेल्या लांछनावरून कळतं. कुणाचा बैल, कुणाचा हत्ती, कुणाचं कासव. या मूर्तीखाली कासव होतं, आणि लग्न होऊन आल्यापासून त्रिशला ते रोज पाहत आली होती. आज उजव्या डोळ्याला कासव दिसत नव्हतं. तिने डावा उघडला, कासव जागेवर आलं. पुन्हा डावा झाकला, गेलं.

पूजा अर्धी टाकून उठायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने अर्घ्य चढवलं, प्रदक्षिणा घातली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला एका डोळ्यानं खालचं दिसेना झालंय."

सन्मती मगदूम रक्तदाब मोजायचं यंत्र मांडून तिचीच वाट बघत बसले होते. "आधी बस. हात दे इकडं."

"डोळ्याचं सांगतेय मी."

"डोळा कुठं पळून जात नाही. हात दे." दंडाभोवतीचा पट्टा फुगला, सैल पडला. सन्मतींनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "एकशे चारवर साठ! बीपी तर सोळा वर्षांच्या पोरीचं आहे. मग डोळ्याला काय धाड भरली?"

हा आकडा रोज 'मगदूम परिवार' या फोनवरच्या गटावर जायचा. सांगलीपासून बेळगावपर्यंत पसरलेले नातेवाईक त्याला हात जोडायचे. धाकटी जाऊ एकदा म्हणाली होती, "भावजी, आमच्या ह्यांना तुमच्याकडं ठेवून घ्या महिनाभर. परत पाठवताना तेवढं बीपी खाली आणून द्या." सन्मतींनी उभं आयुष्य चांदीचा कस बघण्यात घालवलं होतं. पैंजणांचा कारखाना आता पुतण्या बघत होता. कस बघायची सवय तेवढी उरली होती, आणि ती सगळी त्यांनी बायकोच्या रक्तदाबावर लावली होती.

त्यालाही कारण होतं. त्यांची आई याच घराच्या अंगणात, खाटेशेजारी कोसळली होती. तिची रक्तदाबाची गोळी संपली होती आणि आणायची राहिली होती. आणायचं काम सन्मतींकडे होतं. या गोष्टीबद्दल ते कधी बोलत नसत. पण त्रिशलाला रक्तदाब असल्याचं निदान झालं त्या दिवसापासून तिच्या गोळ्या ते स्वतः मोजत आले होते.

अडचण एकच होती. त्रिशलाने काही वर्षांपूर्वी व्रत घेतलं होतं. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी तो उगवेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, औषधही नाही. व्रत घेताना औषधाची सूट मागता येते. तिने मागितली नव्हती. गोळ्या दोन होत्या, एक सकाळची, एक रात्रीची. रात्रीची सन्मती मावळतीआधी द्यायला लागले. सकाळची पूजेनंतर घ्यायची असायची, पण त्रिशला मंदिरात रेंगाळायची, येताना कुणाकडे बसायची, आणि एकदा सन्मतींना ती गोळी पाकिटात तशीच सापडली. त्या दिवसापासून त्यांनी दोन्ही गोळ्या एकदम, मावळतीआधीच्या शेवटच्या पाण्याबरोबर, स्वतःच्या हाताने द्यायला सुरुवात केली. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "दोन्ही गोळ्या चालू आहेत ना?" सन्मती अभिमानाने सांगायचे, "चालू." ते खरंच होतं. गोळ्या कधी घेता, असं कुणी विचारलं नव्हतं.

*

इचलकरंजीच्या डॉ. रेहाना मुजावर डोळ्यांच्या पडद्यामागच्या नसेवर काम करायच्या. वयाने त्रिशलाच्या मुलीएवढ्या. त्यांनी डोळा तपासला, काही चित्रं काढली आणि एक मऊ, काळी पट्टी त्रिशलाच्या हातात ठेवली.

"काकू, ही रोज डोळ्यांवर बांधून झोपायचं. आणि ही अंगठी बोटात. पुढच्या आठवड्यात या."

पट्टीचं कागदोपत्री नाव मोठं होतं. गावोगाव लोक तिला 'झोपेचा चष्मा' म्हणत. पाच-सहा वर्षांपूर्वी हा चष्मा आला आणि डोळ्यांच्या दवाखान्यांचं काम बदललं. त्यातून निघणारा क्षीण प्रकाश मिटलेल्या पापणीतून आत जाई, डोळ्याच्या मागच्या भिंतीवर दृष्टिमज्जेच्या, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, तोंडाशी पोहोचे आणि तिथल्या बारीक वाहिन्यांतून धावणाऱ्या रक्तपेशींवर आपटून परत येई. परत येणारा प्रकाश किती थरथरतो, यावरून रक्त किती वेगाने वाहतंय ते कळे. अंगठी त्याच वेळी रक्तदाब मोजे. माणूस झोपलेला असताना त्याच्या नसेला पुरेसं रक्त मिळतं का, हे पहिल्यांदाच दिसायला लागलं होतं. तोवर सगळी मापं जागेपणीची होती.

सन्मतींनी चष्मा तिच्या डोळ्यांवर स्वतः बांधला. "विमानात बसल्यासारखी दिसतेस."

"विमानात बसवलंय कधी?"

"आता बसवतो. डोळा बरा होऊ दे."

पुढच्या आठवड्यात दोघं स्कूटरवरून दवाखान्यात गेले. सन्मती स्कूटर लावायला गेले आणि तिथल्या पहारेकऱ्याशी त्यांचा जागेवरून वाद जुंपला. त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. म्हणून डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्रिशलाने एकटीने ऐकलं.

"काकू, तुमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर नळ असतो बघा. खाली पाण्याचा जोर कमी झाला की सगळ्यात आधी कुठला नळ कोरडा पडतो?"

"तिसऱ्या मजल्यावरचा. पण आमचं बैठं घर आहे."

डॉक्टर हसल्या. "बरं, कल्पना करा. डोळ्याची नस म्हणजे तो वरचा नळ. डोळ्याच्या आत स्वतःचा एक दाब असतो, त्याच्यामुळंच डोळा गोल राहतो. रक्ताला त्या दाबाला ढकलून आत शिरायचं असतं. रक्ताचा जोर उतरला की आधी उपाशी राहते ती ही नस. त्यात तुमच्या डोळ्यात ती ज्या भोकातून जाते ते जन्मतःच अरुंद आहे. उपाशी राहिली की ती सुजते, सुजली की त्या भोकातच आवळली जाते."

"पण माझं बीपी तर जास्त असतं. म्हणून तर गोळ्या."

"तीच तर गंमत आहे. तरुण वाहिनी दाब उतरला की सैल होते, वाट रुंद करते, रक्त येऊ देते. पण बरीच वर्षं जास्त दाब सोसलेली वाहिनी ताठ होते. तिला सैल पडता येत नाही. म्हणजे आधी जास्त बीपीनं वाहिन्या कडक केल्या, आणि आता कमी बीपी त्यांना सोसवत नाही. डोळ्याला दोन्ही बाधतं." त्यांनी पडद्यावरची रेषा दाखवली. संध्याकाळनंतर रेषा खाली घसरत होती आणि पहाटेच्या सुमाराला पार तळाला जाऊन पडली होती. "झोपेत सगळ्यांचा दाब थोडा उतरतो. तुमचा कोसळतो. आणि ज्या तऱ्हेनं कोसळतो ती औषधाची आहे, यंत्र तसं लिहितं. काकू, गोळ्या कधी घेता?"

त्रिशलाने सांगितलं. सांगता सांगता तिला कळलं.

खालून सन्मतींचा आवाज आला, "अहो, पण तिथं पाटीच नाही तर मला कसं कळणार?"

"उजव्या डोळ्याचं जे गेलं ते येणार नाही," डॉक्टर हळू म्हणाल्या. "डाव्याची नसही तशीच अरुंद आहे. तो वाचवायचा आहे. संध्याकाळी गोळी अजिबात नाही. एक सकाळी पूजा आणि नाश्ता झाल्यावर. दुसरी अर्धी करून दुपारी जेवल्यावर. दिवसभर पाणी भरपूर. तुमचं व्रत मोडायला मी सांगत नाही. पण काही दिवस कुणीतरी साथीदार लागेल."

साथीदाराच्या मनगटावर छोटा पडदा असलेली एक पट्टी असे. झोपलेल्याच्या नसेचा प्रवाह घसरला की ती थरथरे. मग साथीदाराने उठून झोपलेल्याच्या पोटऱ्या खालून वर दाबायच्या. पायांत साठलेलं रक्त वर सरकतं, दाब सावरतो. या कामासाठी निघालेली यंत्रं महाग होती आणि माणसाच्या हातापेक्षा फारशी चांगली नव्हती.

"म्हणजे ह्यांनी माझे पाय चेपायचे?"

"दुसरं कोण आहे घरात?"

"छे छे. भलतंच." त्रिशलाने पदर ओढून घेतला. मग थोड्या वेळाने विचारलं, "त्या पट्टीवर काय काय दिसतं?"

"सगळं. प्रवाह का घसरला तेही. पूर्वी नुसता गजर जायचा. मग घाबरलेल्या माणसांनी उलट जादा औषध दिलं, असं दोन-तीन घरांत झालं. म्हणून आता कारण लपवता येत नाही. त्यांना साथीदार केलंत तर सगळं कळणार."

त्रिशलाच्या डोळ्यांपुढे अंगणातली ती खाट आली. एक गोळी राहिली म्हणून जो माणूस आयुष्यभर गोळ्या मोजत आला, त्याला सांगायचं, की तुमच्या मोजण्यानेच माझा डोळा गेला.

"आत्ता साथीदार नको," ती म्हणाली. "मी गोळ्यांची वेळ सांभाळते. तेवढ्यानं भागतंय का बघू."

डॉक्टर म्हणाल्या, "काकू, तुम्ही काय करताय ते मला कळतंय. पण डोळा तुमचा आहे."

सन्मती घामाघूम होऊन वर आले. "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"नसेला रक्त कमी पडलं म्हणे."

"मग बीट आणू. आणि डाळिंब."

*

त्याच संध्याकाळी त्रिशलाने नवऱ्याला फसवायला सुरुवात केली.

सूर्य घरांच्या पलीकडे टेकला की सन्मती तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी आणि तळहातावर दोन गोळ्या घेऊन यायचे. ती गोळ्या तोंडात टाकायची, जिभेखाली सरकवायची, पाणी प्यायची आणि चूळ भरायला मोरीवर जायची. तिथे गोळ्या काढून पदराच्या टोकाला बांधायची. ओल्या गोळ्या दुसऱ्या दिवशी घेण्यात अर्थ नव्हता. म्हणून भाजी आणायच्या निमित्ताने तिने दुकानातून त्याच गोळ्यांचं वेगळं पाकीट आणलं, आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून सकाळ-दुपारच्या वेळा पाळल्या. नवऱ्याशी ती आजवर भाजीच्या भावाबद्दलसुद्धा खोटं बोलली नव्हती. आता जिभेखाली गोळी धरून ती म्हणायची, "झालं." गोळी कडू होती.

पण चष्म्यातली रेषा सुधारली. पहाटेचा तो तळ वर आला. फोनवर डॉक्टर म्हणाल्या, "छान चाललंय काकू." सकाळी उठून ती आधी उजवा डोळा झाकायची. डाव्याने खुंटीवरची पिशवी, उंबरा, उंबऱ्याखालची रांगोळी, सगळं दिसायचं. मग ती उठायची.

सन्मतींची रेषा मात्र बिघडली. रात्रभर गोळ्यांचा भार नव्हता, त्यामुळे पूजेहून आल्यावर मोजलेला आकडा वर जायला लागला.

"एकशे बेचाळीस?" ग्राहकाने आणलेल्या खोट्या चांदीकडे बघावं तसे ते आकड्याकडे बघायचे. "परत घेतो. हात सैल सोड."

"जिना चढून आले."

"आपलं बैठं घर आहे, त्रिशला."

"मंदिराचा हो."

गटावर आकडा टाकायचं त्यांनी बंद केलं. जाऊने विचारलं, "भावजी, आज बीपी नाही?" उत्तर गेलं नाही. रात्रीत ते दोनदा उठून तिच्या तोंडाजवळ कान नेऊन श्वास ऐकायचे, हे त्रिशलाला चष्म्याआडून जाणवायचं. ती झोपेचं सोंग करायची. त्यांना वाटत होतं, गोळ्या निकामी झाल्या. तिला वाटत होतं, थोडे दिवस गेले की ते शांत होतील. दोघंही एकमेकांना काही बोलत नव्हते आणि दोघंही ते दुसऱ्याच्या काळजीपोटी करत होते.

शेवटी सन्मती औषधाच्या दुकानात गेले. तिथे आता एक सल्लायंत्र होतं. त्यांनी रोज सकाळचे आकडे त्यात भरले, रोज दोन्ही गोळ्या दिल्याचं सांगितलं. मिळालेल्या माहितीवर यंत्राने काढलेला निष्कर्ष चुकीचा नव्हता: एवढ्या औषधानेही दाब चढत असेल तर औषध वाढवावं. त्यांना पाण्यात विरघळणारी, जास्त ताकदीची नवी गोळी मिळाली. त्रिशलाला सांगितलं तर ती घाबरेल, असं त्यांना वाटलं. आई गेली त्या आठवड्यात तीही घाबरून गेली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीच्या दोन गोळ्या तळहातावर आणल्या. नवी गोळी तांब्यातल्या पाण्यात आधीच विरघळली होती.

"पाण्याला कसली चव आहे हो?"

"तांब्या घासला चिंचेनं. पी सगळं, सूर्य चाललाय."

त्रिशलाने गोळ्या जिभेखाली धरल्या आणि पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

*

सकाळी तिने उजवा डोळा झाकला. खुंटीवरची पिशवी दिसली. उंबरा धूसर होता. उंबऱ्याखाली धुकं होतं.

ती काही वेळ अंथरुणात तशीच बसून राहिली. पाय जमिनीला टेकवायची तिला भीती वाटली, कारण जमीन दिसत नव्हती. मग भिंतीला धरून उठली. सन्मती दूध आणायला गेले होते. तिने सरळ डॉक्टरांना फोन लावला, आणि शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली. नवऱ्यासाठी निरोप ठेवला: दवाखान्यात जातेय, मागून या.

डॉ. मुजावरांनी तिला खाटेवर झोपवलं, पाय उंच केले, हाताच्या शिरेतून सलाईन सुरू केलं. सूर्य उगवून गेला होता, व्रताला बाधा नव्हती. हे विचारायचं त्रिशला तशाही अवस्थेत विसरली नाही. मग डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या, "काल संध्याकाळी काय घेतलंत?"

"काहीच नाही. तोंडात धरल्या, बाहेर काढल्या."

"काकू, यंत्र म्हणतंय घेतलंय. आणि नेहमीचं नाही. त्याहून मोठं."

त्रिशला छताकडे बघत राहिली. चिंचेने घासलेला तांब्या. पी सगळं.

"पाण्यात होतं," ती म्हणाली.

सलाईनचे थेंब पडत राहिले. दुपारपर्यंत धुकं उंबऱ्यापासून मागे सरायला लागलं. खाटेच्या पायथ्याची दांडी दिसली, मग आपल्याच पायाची बोटं. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या. "नस सुजायला लागली होती, आवळली गेली नव्हती. पण आणखी एक अशी रात्र नको. साथीदार नोंदवल्याशिवाय मी सोडणार नाही. कुणाचं नाव घालू?"

"घाला. सन्मती बाबगोंडा मगदूम." मग तिने डॉक्टरांचा हात धरला. "पण पट्टी आत्ता चालू करू नका. घरी गेल्यावर करा. त्या पडद्यावर वाचायच्या आधी मी सांगते त्यांना. माझ्या तोंडून कळू दे."

सन्मती सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होते. पहारेकऱ्याशी आज ते एक शब्द बोलले नव्हते.

*

परतताना पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर दोन्हीकडे ऊस लागतो. ऊन कलतं झालं होतं. सन्मती स्कूटर हळू चालवत होते. त्रिशलाने त्यांच्या खांद्यावर थाप मारली.

"इथं थांबवा जरा."

"मावळायला आलंय. घरी जाऊन पाणी प्यायचंय तुला."

"बाटली आहे ना पुढच्या पिशवीत? थांबवा."

ते थांबले. स्कूटर बाजूला घेतली. साखर कारखान्याकडे जाणारी एक ट्रॉली खडखडत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत त्रिशला थांबली.

"काल पाण्यात काय घातलं होतं?"

सन्मतींनी हेल्मेट काढलं. "तुला कसं कळलं?"

"डोळ्याला कळलं."

मग तिने सगळं सांगितलं. दोन गोळ्या एकदम दिल्याने दाब झोपेत कसा पडतो, ताठ झालेल्या वाहिन्यांना तो का झेपत नाही, उजव्या डोळ्याचं काय झालं. डॉक्टरांनी सांगितलं त्याच क्रमाने, न रडता. मधे एकदाही 'तुमच्यामुळं' म्हणाली नाही. पण ते म्हणायची गरजच नव्हती. सन्मतींना आकड्यांचा अर्थ कळत होता.

"एकशे चारवर साठ," ते म्हणाले. "मी पेढे वाटायचा बाकी होतो."

"पुढचं ऐका."

"मी माझ्या हातानं तुझा डोळा..."

"पुढचं ऐका आधी. मला हे मागच्याच खेपेला कळलं होतं. तेव्हा बोलले असते तर कालचं झालं नसतं. मी गोळ्या तोंडात लपवल्या. तुम्हाला फसवलं. तुम्ही घाबरलात म्हणून पाण्यात घातलं. उजवा तुमच्या हातनं गेला असेल, डावा माझ्या गप्प बसण्यानं जाणार होता."

"का नाही बोललीस?"

"तुमच्या आईमुळं."

सन्मती उसाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते की वाऱ्याने सदरा हलत होता, ते त्रिशलाला कळलं नाही. कलत्या उन्हात तिला नीट दिसत नव्हतं. ती वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"त्या दिवशी दुकान बंद होतं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "सणाची सुट्टी होती. मी दुसऱ्या दुकानात जायला हवं होतं. कंटाळा केला."

"बरं."

"तुझ्या बाबतीत कंटाळा करायचा नाही असं ठरवलं होतं."

"माहीत आहे मला."

सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला. सन्मतींनी सवयीने बाटली काढली, झाकण उघडलं, आणि हात मधेच थांबला. त्यांनी बाटली उजेडात धरून तळ पाहिला. वास घेतला. मग स्वतः एक घोट पिऊन बघितला.

"द्या हो," त्रिशला म्हणाली. "पाणीच आहे."

*

मनगटावरची पट्टी पहिल्याच पहाटे थरथरली. नव्या औषधाचा अंमल अजून पूर्ण उतरला नव्हता. त्रिशलाला झोपेत पोटरीवर हात जाणवले आणि तिने पाय आखडून घेतले.

"अहो! पाय सोडा."

"हलू नकोस. पट्टी थरथरलीय."

"मला नाही चालत तुम्ही माझ्या पायाला हात लावलेला."

"मला चालतं."

"पाप लागतं."

"लागलं तर मला लागेल. तू नीज. खालून वर, असं सांगितलंय बाईंनी. जोर जास्त होत नाही ना?"

तिने आखडलेले पाय पुन्हा लांब केले. "जरा डावीकडं," ती म्हणाली.

पण पाय चेपण्यापलीकडे ते काही करायला तयार नव्हते. रक्तदाबाचं यंत्र त्यांनी कापडात गुंडाळून कपाटाच्या वर ठेवलं. गोळ्यांचं पाकीट तिच्या बाजूच्या फळीवर सरकवलं. सकाळी ती पूजेहून आली, नाश्ता झाला, की ते उठून अंगणात जायचे आणि ती गोळी घेईपर्यंत आत यायचे नाहीत. गटावर जाऊने लिहिलं, "भावजी, बीपी कसं आहे मग?" कुणी उत्तर दिलं नाही. चष्म्यातली रेषा चांगली होती, डाव्या डोळ्याला उंबरा आणि रांगोळी दिसत होती. डॉक्टरांनी शाबासकी दिली. मात्र घरात एक माणूस पाव्हण्यासारखा वावरत होता. तो पाणी देतानाही आधी विचारायचा.

असे काही दिवस गेले. एका सकाळी नाश्ता झाला, सन्मती उठले आणि चपला घालायला लागले.

"कुठं निघालात?"

"बाहेर. तू गोळी घे."

"घेत नाही."

ते वळले. "म्हणजे? वेळ झालीय."

"झालीय ना? मग द्या."

"फळीवर आहे. दिसत नाही का? डोळ्याला काही—" त्यांचा आवाज एकदम बदलला. चपला तशाच ठेवून ते आत आले. "त्रिशला, डाव्यानं दिसतंय ना?"

"दिसतंय. पाकीट दिसतं, त्यावरचं नावसुद्धा वाचता येतं. मला गोळी दिसते." ती पाटावरून हलली नाही. "तरी तुमच्या हातून हवी."

सन्मती फळीपाशी उभे राहिले. "परत चुकलो तर?"

"तर मी सांगेन. लगेच. लपवणार नाही."

त्यांनी मोरीवर जाऊन हात धुतले, पुसले. पाकीट उचललं, खिडकीच्या उजेडात धरून नाव वाचलं, ताकद वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. घड्याळाकडे पाहिलं. दाराबाहेर ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं. तेही पाहिलं. एक गोळी तळहातावर काढली, आणि पाकीट बंद करून लांब ठेवलं.

"ही सकाळची," ते म्हणाले. "खाल्ल्यावर. एकच."

"एकच," त्रिशला म्हणाली आणि तिने हात पुढे केला.